ग्राहकांसाठी बाग खुली करताना

(चांदूर रेल्वे येथे शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे 'फळे व फुले यांची विक्री'. विषय फार मोठा आहे. त्यातला एकच तुकडा आज उचलतो. शहरातले गिऱ्हाईक आपल्या वावरात येऊन फळे-फुले घेऊन जाते, किंवा आपण स्वतः टोपले घेऊन बाजारात बसतो, तेव्हा आपल्या हाती काय पडते, कुठे नुकसान होते आणि त्याची तयारी कशी करायची, एवढेच मी बोलणार आहे.

आपल्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोचला आणि तेव्हापासून वऱ्हाडातला माल बाहेर जाऊ लागला. चांदूर बाजार वेगळे आणि आपले चांदूर वेगळे, हे ओळखायलाही रेल्वेच कामी आली. पण गेली दीडशे वर्षे आपण या रेल्वेकडे माल पाठविण्याचे साधन म्हणूनच पाहिले. तिने किंवा रस्त्याने गिऱ्हाईक आपल्याकडे येऊ शकते, असा विचार फारसा झाला नाही. अमरावती येथून तीसेक किलोमीटरवर आहे, बडनेरा त्याहून जवळ. पोहरा-मालखेडच्या जंगलाकडे आणि मालखेडच्या तलावाकडे रविवारी शहरातली कुटुंबे येतात. येताना डबा घेऊन येतात आणि जाताना रिकामा डबा घेऊन परततात. वाटेवरच्या बागेतली संत्री मात्र ट्रकने शंभर कोस दूर जाऊन, चार हात फिरून, कधी कधी अमरावतीच्याच हातगाडीवर परत येतात. यात हसण्यासारखे आहे, तसेच हळहळण्यासारखेही आहे.

वरूड-मोर्शीसारखी संत्र्याची दाटी आपल्या तालुक्यात नाही. इथे सोयाबीन, तूर आणि पऱ्हाटी हीच मुख्य पिके. ज्यांच्याकडे ओलीत आहे अशा थोड्या जणांकडे संत्रा, लिंबू किंवा पेरूची बाग आहे. ही उणीव आहे खरी, पण आजच्या विषयापुरती ती सोय समजा. जिथे गावोगाव संत्राच संत्रा आहे तिथे कुणी मुद्दाम बाग पाहायला थांबत नाही.

आता पैशाचे बोलू. बहुतेक बागायतदार बगिचा झाडावरच ठोक विकतात. व्यापारी येतो, झाडे पाहतो, फळांचा अंदाज बांधतो, इसार देतो आणि तोडीच्या वेळी आपली माणसे आणतो. व्यापाऱ्याला नावे ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, पण थोडा न्यायाने विचार करा. गळ झाली, गारपीट झाली, दिल्लीचा भाव पडला, तर तो बोजा निदान काही अंशी त्याच्यावर जातो. तोडणारे मजूर, पेट्या, वाहतूक सगळे त्याचे. एवढी जोखीम घेणारा माणूस भाव कमी देणारच. तेव्हा व्यापाऱ्याला सोडून द्या असे मी म्हणणार नाही. संबंध बाग गिऱ्हाइकांना विकता येईल असा जो समज अलीकडे काही तरुण मंडळींच्या मनात बसला आहे, तो मला आधी काढून टाकायचा आहे.

हिशेबच मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, आपापल्या बागेचे आकडे घालून घरी पुन्हा मांडावेत. समजा शंभर झाडे आहेत आणि झाडाला सरासरी ६०० फळे धरली आहेत. एकूण ६०,००० फळे झाली. किलोला सात फळे धरली तर माल सुमारे ८५ क्विंटल भरतो. आता बाग सहा रविवार खुली ठेवली. दर रविवारी चाळीस कुटुंबे आली, आणि चाळीस म्हणजे पुष्कळ झाली, प्रत्येकाने दहा किलो नेले, तर एका रविवारी ४०० किलो आणि सहा रविवारी २४ क्विंटल माल गेला. म्हणजे अठ्ठावीस झाडांचा माल. उरलेली बहात्तर झाडे व्यापाऱ्याकडेच जाणार.

पण त्या अठ्ठावीस झाडांचे काय झाले ते पाहा. झाडावर किलोला २० रुपये पडत होते आणि बागेत ३५ रुपयांनी विकले, तर किलोमागे १५ रुपये, २४ क्विंटलला ३६,००० रुपये जास्त मिळाले. त्यातून दोन माणसांची सहा दिवसांची मजुरी, दिवसाला ४०० रुपये धरून, ४,८०० रुपये गेले. चाखण्यात आणि खराबीत पाच टक्के माल गेला, त्याचे ४,२०० रुपये. पिशव्या, सावलीचा मांडव, पाणी यांचे ३,००० रुपये. बारा हजार वजा जाता चोवीस हजार हाती राहिले. हा पैसा कर्ज फेडून टाकणारा नाही, पण मुलीची वसतिगृहाची फी किंवा पुढच्या हंगामाचे खत त्यात निघते. शिवाय तो रोख असतो आणि बहुधा घरातल्या बाईच्या हातात येतो. ही शेवटची गोष्ट मला हिशेबाच्या वहीत मांडता येत नाही, पण ज्यांच्या घरी ते घडले आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

यातली पहिली अट अशी की, बगिचा व्यापाऱ्याला दाखवितानाच रस्त्याकडच्या दोन-तीन ओळी राखून ठेवायच्या. त्या झाडांच्या खोडांना चुन्याची खूण करा आणि सौदाचिठ्ठीत 'इतकी झाडे वगळून' असे स्पष्ट लिहून घ्या. तोंडी बोललेले तोडीच्या दिवशी कुणालाच आठवत नाही. एका बागायतदाराने संबंध बगिचा विकून टाकला आणि नंतर पाहुण्यांना बोलावले. व्यापाऱ्याच्या रखवालदाराने त्या लोकांना फाटकाबाहेर काढले. चूक रखवालदाराची नव्हती.

आता तोडणीकडे वळतो. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण खरे नुकसान इथेच होते.

नागपुरी संत्र्याची साल सैल असते. तीच त्याची शोभा आणि तेच त्याचे दुखणे. फळ ओढून तोडले की देठाजवळची चकती सालीसह उपटते आणि तिथे छिद्र पडते. वरून फळ चांगले दिसते, पण त्या छिद्रातून बुरशी आत शिरते आणि चार दिवसांत फळ सडते. एक सडले की टोपलीतली शेजारची चार बिघडतात. आपले मजूरही घाईत हेच करतात, मग शहरातून आलेल्या मुलांना काय बोलणार? एका बागेत मी स्वतः पाहिले आहे. उत्साहाने लोकांना 'तोडा, हवे तेवढे तोडा' म्हणून सांगितले. सकाळी झाडे हसत होती, दुपारी फांद्या मोडून लोंबत होत्या, आणि पुढच्या आठवड्यात दोन कुटुंबे सडलेली संत्री घेऊन भांडायला आली. त्या बागायतदाराने पुन्हा कुणाला आत घेतले नाही. त्याचा राग मला समजतो, पण त्याने आदल्या दिवशी सहा कात्र्या विकत घेतल्या असत्या तर तो आजही विकत असता.

जपानमध्ये संत्र्याच्याच जातीचे मिकान नावाचे फळ होते. तिथे शरदात कुटुंबेच्या कुटुंबे ठरावीक पैसे भरून बागेत जातात, पोटभर खातात आणि घरी न्यायची फळे स्वतः तोडतात. पण हातात कात्री दिल्याशिवाय त्यांना आत सोडत नाहीत. शिवाय ते फळ दोनदा कापतात. प्रथम जरा लांब देठासह फांदीवरून वेगळे करायचे, मग हातात धरून देठ फळाला अगदी लागून कापायचा. पहिल्या कापात फळाला इजा होत नाही आणि दुसऱ्या कापामुळे उरलेला देठ शेजारच्या फळाला टोचत नाही. या दोन कापांना लागणारा वेळ पाच सेकंद. आपल्याकडे आखूड टोकाच्या साध्या कात्र्या किंवा सिकेटर सहज मिळतात. टोक बोथट असावे, लहान मुले असतात.

सकाळी दव असताना तोड करू नका. त्या वेळी साल पाण्याने तट्ट फुगलेली असते, जरा दाबली की सालीतल्या तेलाच्या ग्रंथी फुटतात, आणि ते तेल जिथे लागते तिथे साल करपल्यासारखी डागाळते. दव उडाल्यावर, थंडीच्या दिवसांत साधारण नऊनंतर, लोकांना झाडाजवळ न्या. तोवर बसायला सतरंजी टाका, चहा पाजा, हुरड्याचे दिवस असतील तर कणसे भाजा.

फळ पिकले की नाही हे गिऱ्हाइकाला कळत नाही, ते आपण सांगायला हवे. काही फळे झाडावरून उतरविल्यानंतरही पिकतात. आंबा, केळी, सीताफळ, चिकू, पेरू ही त्या वर्गातली. संत्रा, मोसंबी, लिंबू त्या वर्गातली नव्हेत. संत्र्यात साठविलेला स्टार्च नसतो, त्यामुळे तोडल्यानंतर त्याची गोडी वाढत नाही. आंबट तोडले तर ते आंबटच राहते, फार तर रंग बदलतो. म्हणून राखलेल्या झाडांवर घाई करू नका. दर आठवड्याला प्रत्येक ओळीतले एक फळ स्वतः चाखा आणि गोड झाडावरच खूण लावा. एकाच झाडावर दक्षिणेकडची, उन्हातली फळे आधी गोड होतात, हेही लक्षात ठेवा.

रंगाची गंमत वेगळीच आहे. आंबिया बहराचे फळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात आतून तयार झालेले असते तरी साल पुष्कळदा हिरवी राहते, कारण सालीचा हिरवेपणा उतरायला रात्री थंड व्हाव्या लागतात. शहरी माणूस हिरवे फळ पाहून नाक मुरडतो. तिथे भाषण करू नका. एक फळ सोलून फोड हातावर ठेवा. चाखलेला माणूस वाद घालत नाही. आणि तुमचे फळ खरोखरच आंबट असेल तर 'पंधरा दिवसांनी या' असे सांगा. त्या दिवशी दहा किलोंचे गिऱ्हाईक जाईल, पण पंधरा दिवसांनी ते शेजाऱ्यालाही घेऊन येईल.

बागेत माणसे येतात ती पायांनी, आणि पायांना माती लागलेली असते. डिंक्या रोगाची बुरशी मातीतून आणि पाण्यातून पसरते हे आपण जाणताच. ज्या बागेत आधीच डिंक्या आहे तिथून उठून मंडळी तुमच्या बागेत आली, तर बुटाच्या चिखलातून रोग येऊ शकतो. म्हणून रविवारी बाग खुली ठेवायची असेल तर त्याआधीचे तीन-चार दिवस त्या ओळींना ओलीत देऊ नका, जमीन चालण्याइतकी कोरडी असू द्या. दोन ओळींच्या मधून तीन हात रुंद वाट मोकळी करा आणि लोकांना त्याच वाटेने न्या. आळ्यात कुणाला उतरू देऊ नका. झाडाच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावलेली दिसली की लोक विचारतात, हा पांढरा-निळा रंग कशाला? समजावून सांगा. लोकांना हे ऐकायला आवडते.

फवारणीबद्दल मात्र कडक बोलतो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सर्वांनी वाचले, काहींनी जवळून पाहिले. औषधाच्या डब्यावर शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते छापलेले असते. ते दिवस पूर्ण झाल्याखेरीज राखलेल्या ओळीत पाहुणा शिरता कामा नये, कारण पाहुणा फळ न धुता झाडाखालीच सोलून खातो आणि मूल तर सालीसकट चावते. शेजारच्या वावरात त्या दिवशी फवारणी आहे का, हेही शेजाऱ्याला आदल्या संध्याकाळी विचारा. औषधाचे रिकामे डबे, पंप, खताची पोती नजरेआड नव्हे तर कुलपात ठेवा.

आणि विहीर. आपल्याकडच्या कितीतरी विहिरींना कठडा नाही. आपली मुले तिथेच वाढतात म्हणून आपल्याला भीती वाटत नाही, शहरातले मूल मात्र पाणी पाहायला धावत जाते. एका ठिकाणी पाच-सहा वर्षांची मुलगी विहिरीच्या काठावर वाकलेली मी पाहिली. मोटारपंपावरच्या गड्याने तिचा फ्रॉक मागून धरला म्हणून ती वाचली. त्यानंतर त्या दिवशी तिथे कुणाला संत्री घ्यायची आठवण राहिली नाही. कठडा बांधायला आज पैसे नसतील तर बाभळीच्या काट्यांचे कुंपण घाला आणि तिथे एक माणूस बसवा. हे होत नसेल तर बाग खुली करू नका, फाटकावरच माल विका.

फाटकावर विकणे हाही चांगला मार्ग आहे. आपल्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो, पण त्यावर वाहन थांबवून संत्री घेता येत नाहीत. आपल्याला उपयोग आहे तो अमरावती, पुलगाव, तिवसा, नांदगावकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यांचा. सावंगा विठोबाला गुढीपाडव्याची यात्रा भरते, गावोगावचे लोक कापूर घेऊन येतात. त्या सुमारास मृग बहराचा शेवटचा संत्रा झाडावर असतो आणि उन्हामुळे घसा कोरडा पडलेला असतो. यात्रेच्या वाटेवर सावली करून, माठातले पाणी ठेवून बसणाऱ्याचा माल शिल्लक राहिल्याचे मी पाहिले नाही. रस काढून विकायचा असेल तर अन्नविषयक नोंदणी करून घ्या आणि रस समोर काढून लगेच द्या. नागपुरी संत्र्याचा रस ठेवून दिला की कडू होतो. सकाळी काढून दुपारी विकलेल्या रसाने तुमच्या चांगल्या फळाचे नाव खराब होईल.

आता फुले. फुलांत तारीख हेच सर्व काही आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्या झेंडूला माणसे रांग लावतात, त्याच झेंडूचे ढीग दसऱ्याच्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेला टाकलेले आपण पाहिले असतील. ते टाकणारा शेतकरीच असतो आणि घरी परतण्याचे भाडे त्याला खिशातून द्यावे लागते. झेंडूचे बी टाकल्यापासून रोप लावणीला यायला २५ ते ३० दिवस आणि लावणीपासून फुले यायला साधारण ५० ते ६० दिवस लागतात. दसरा मात्र इंग्रजी तारखेने दरवर्षी सरकतो. २०२४ मध्ये तो १२ ऑक्टोबरला होता, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला, आणि अधिक मासामुळे २०२६ मध्ये २० ऑक्टोबरला येतो. ज्याने 'दरवर्षीप्रमाणे' लावणी केली तो फसला. लावणी ते फूल ५५ दिवस धरले तर २०२५ साठी लावणी ८ ऑगस्टच्या आसपास आणि २०२६ साठी २६ ऑगस्टच्या आसपास पडते. तेव्हा पंचांग घरात आल्याबरोबर पहिले काम दसरा आणि लक्ष्मीपूजन यांवर खूण करून मागे दिवस मोजण्याचे करा. सगळी लावणी एका दिवशी न करता आठ-आठ दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत करा. नवरात्रात अमरावतीला अंबादेवी आणि एकवीरादेवीच्या दर्शनाला नऊ दिवस गर्दी असते, तिथे पहिल्या टप्प्याची फुले जातात. दसऱ्याला दुसरी, दिवाळीला तिसरी.

संत्र्याची बाग नवी असेल तर ६ बाय ६ मीटरवर लावलेल्या झाडांमधली जागा पहिली काही वर्षे मोकळीच असते. तिथे आळ्यापासून दूर झेंडू घ्यायला हरकत नाही. झेंडूच्या मुळांतली द्रव्ये काही सूत्रकृमींना मारक असतात, हा वरचा लाभ. पण झेंडूच्या ओलिताने संत्र्याच्या खोडाशी पाणी साचत असेल तर असा लाभ नको.

शेवंतीची गोष्ट उलटी आहे. तिला फुलण्यासाठी दिवस लहान आणि रात्र मोठी व्हावी लागते, त्यामुळे तुम्ही घाई केलीत तरी ती आपल्या वेळेलाच फुलते. आपल्या विद्यापीठाने 'रागिणी' हा शेवंतीचा वाण दिला आहे. शेवंती फुलते तेव्हा आंबियाचा संत्राही बागेत तयार असतो. संत्र्याच्या ओळीपलीकडे दोन गुंठे शेवंती फुललेली असली की बाया हमखास तिकडे वळतात, आणि संत्री घ्यायला आलेले कुटुंब पावशेर फुले घेतल्याशिवाय परत जात नाही. फुले उन्हाआधी तोडा, सावलीत पातळ पसरा, बांबूच्या हवेशीर टोपलीत भरा. ताजी दिसावीत म्हणून पाणी मारून पोत्यात दाबून भरलेला झेंडू आतून गरम होतो आणि अमरावतीला पोचेपर्यंत काळा पडतो.

धुऱ्यावरच्या झाडांना विसरू नका. सीताफळाचे डोळे उकलले आणि मधल्या भेगा पिवळसर दिसू लागल्या की ते तोडायचे. घरी तीन-चार दिवसांत पिकते. गिऱ्हाइकाला आज खायचे, उद्या खायचे आणि परवा खायचे अशी फळे वेगवेगळी निवडून द्या, आणि पिकण्याआधी फ्रिजमध्ये ठेवू नका असे बजावून सांगा, नाहीतर फळ काळे पडते. बोराला संक्रांत आहे. सुगडात घालायला आणि लहान मुलांच्या बोरनहाणाला बोर लागतेच, आणि नेमके त्या चार दिवसांत शहरात ते महाग असते. धुऱ्यावरच्या चार बोरींचा पैसा हिशेबात धरायची आपल्याला सवय नाही एवढेच.

बाजारात स्वतः बसण्याबद्दल थोडे सांगतो. पंजाबात १९८७ साली 'अपनी मंडी' सुरू झाली, आंध्रात १९९९ मध्ये रयतू बझार निघाले. आपल्या राज्यात जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यावरचे नियमन उठले आणि त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांची मोहीम सुरू झाली. कायद्याने दार उघडले, पण दारात बसायला आपल्यालाच जावे लागते. आणि खरे सांगायचे तर शेतकऱ्याला बसायची लाज वाटते. पाच एकरांचा धनी तराजू धरून बसला, असे लोक म्हणतील याची भीती. माळी-बागवानांच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या बसल्या, त्यांनी मुले शिकविली. बसायला लाज कशाची? ज्याला स्वतःला जमत नाही त्याने चौघांनी मिळून एकाला पाठवावे. एकाचा संत्रा, दुसऱ्याचा पेरू, तिसऱ्याची लिंबे, चौथ्याची फुले. एकाच ठिकाणी चार वस्तू मिळाल्या की गिऱ्हाईक थांबते, आणि चौघांचे भाडे एका गाडीत निघते.

काटा शिक्क्याचा असावा. माप घालताना एक फळ वर टाका, पण काटा खाली ओढून नव्हे. मोठी आणि लहान फळे वेगळी करून दोन भाव ठेवा, वर मोठी आणि खाली लहान अशी पाटी भरू नका. व्यापाऱ्याशी आपला सौदा वर्षातून एकदा होतो आणि तोही आपल्याला फसवितो, आपणही त्याला फसवितो, असे चालून जाते. दर रविवारी येणाऱ्या गिऱ्हाइकाशी ते चालत नाही, कारण ते घरी जाऊन पाटी उपडी करते.

मुक्कामाची सोय करण्याचा विचार काहींच्या मनात आहे, हे मला ठाऊक आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले आहे आणि पर्यटन विभागाकडे केंद्राची नोंदणी करता येते. पण आधी दोन हंगाम नुसते रविवार सांभाळून पाहा. खोल्या बांधून, कर्ज काढून मग गिऱ्हाइकाची वाट पाहणे फार महागात पडते. पहिल्या वर्षी एक मांडव, एक सतरंजी, स्वच्छ पाण्याचा माठ, बायकांसाठी बंदिस्त संडास, विहिरीला कुंपण आणि सहा कात्र्या एवढे असले तरी पुरे. यांतला संडास लोक विसरतात. मग माणसे अर्ध्या तासात परततात आणि आपण म्हणतो, शहरातल्यांना शेतीची आवडच नाही.

एक गोष्ट राहिली. घरी नेलेली संत्री प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, हवेशीर टोपलीत ठेवा, रोज चाळा आणि डागी फळ आधी खा, असे प्रत्येकाला सांगायचे आहे. तोंडी सांगितलेले विसरते, म्हणून कागदाच्या पिशवीवर दोन ओळींत लिहून द्या. खाली गावाचे नाव आणि पुढचा बाग खुली असण्याचा दिवस लिहा.

माझी वेळ संपत आली आहे. शेजारच्या बागेत मालकांनी दोन ओळी आपल्यासाठी मोकळ्या ठेवल्या आहेत आणि दव आता उडाले असेल. कात्र्या बारा आहेत, आपण शंभराच्या वर आहोत, तेव्हा आठ-आठ जणांच्या तुकड्या करू. भगिनींची तुकडी पहिली. प्रत्येकाने एक फळ ओढून तोडायचे आणि एक दोन कापांनी तोडायचे, दोन्ही घरी न्यायची आणि आठ दिवसांनी पाहायची. आळ्यात पाय ठेवू नका. चला.